साहेबांच्या हस्ते हॉल तिकीट

विश्वजीत सरांनी राजेश्वरी कोळेकरसाठी तयार केलेला पाच वर्षांचा आराखडा चार फूट बाय तीन फूट होता. लॅमिनेट केलेला. डाव्या कोपऱ्यात शिखरवेध करिअर अकॅडमीचं बोधचिन्ह, उजव्या कोपऱ्यात रॉकेट आणि मधे नऊ पायऱ्या. पहिल्या पायरीवर अबॅकस, दुसरीवर वैदिक गणित, चौथीवर ऑलिम्पियाड, सहावीवर आयआयटी आणि नवव्या पायरीवर लाल दिव्याची गाडी. गाड्यांवरचे लाल दिवे निघून कित्येक वर्षं झाली होती. पंधरा वर्षांच्या ज्या मुलीला गणिताखेरीज दुसरं काही करायचं नव्हतं, तिचं गणित कलेक्टर होऊन संपावं यात आराखडा करणाऱ्याला काही वावगं वाटलं नव्हतं.

पायऱ्यांच्या खाली रोजचं वेळापत्रक होतं. योगासनांपासून मोटिव्हेशनपर्यंत सगळं. राजेश्वरीनं उभ्या उभ्या बेरीज केली.

"आबा, दीड तास जादा हाय."

"कशात?"

"दिवसात. साडेपंचवीस तास झाल्यात."

तिचे वडील नाथाजी कोळेकर तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. तोफेचं अंतर, वारा, कोन यांचा हिशेब मांडण्याचं काम त्यांनी एकोणीस वर्षं केलं होतं. चुकलेली बेरीज कुठं जाऊन पडते हे त्यांना दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनीही बोटांवर बेरीज केली. साडेपंचवीसच आली. पण कागदावर शिक्का होता, सही होती, आणि शिक्क्याच्या कागदाला प्रश्न विचारायचा नाही ही सवय नोकरीनं लावलेली.

"घाईत झालं आसंल. येवढा मोठा मानूस, फुकट करून दिलंय," ते म्हणाले आणि त्यांनी आराखडा पुढच्या खोलीत दोन खिळ्यांवर टांगला.

आठ दिवसांत राजेश्वरीनं तो उलटा केला. मागची बाजू कोरी होती, लॅमिनेशनमुळे स्केचपेननं लिहिलेलं ओल्या फडक्यानं पुसता येत होतं. कवठे महांकाळच्या बाहेर, घाटनांद्र्याच्या रस्त्याला असलेल्या त्या घरात विश्वजीत सरांच्या आराखड्याचा झालेला हा एकमेव उपयोग.

राजेश्वरी घरी शिकत होती त्याला तीन वर्षं झाली होती. सातवीत असताना सरांनी फळ्यावर प्रश्न लिहिला होता, पहिल्या पाच मूळ संख्यांची बेरीज किती. तिनं अठ्ठावीस लिहिलं. गाइडात अठरा छापलं होतं, कारण गाइडवाल्यांनी सुरुवात एकपासून केली होती. एक ही मूळ संख्या का नाही हे तिनं सांगायला घेतलं तेव्हा सर म्हणाले, "गाइड छापणारी येडी हायत का?" ती म्हणाली, "व्हय." ती तीन तास वर्गाबाहेर उभी राहिली. दुसऱ्या दिवशी नाथाजी शाळेत गेले, मुख्याध्यापकांनी चहा पाजला आणि समजूत घातली की परीक्षेत अठराच लिहायला सांगा, मार्क जातील. नाथाजींनी दाखला काढला आणि मुलीचं नाव मुक्त विद्यालयात घातलं.

गावानं याचा अर्थ आपल्या परीनं लावला. कोण म्हणालं पोरगी नापास झाली. कोण म्हणालं स्थळ आलं असेल. शेजारच्या धोंडुबाई तर राजेश्वरीच्या आईला, रेश्माला, रोज विचारत, "कवा उडवताय बार? आमाला साडी घ्यायला येळ द्या म्हंजी झालं." गणितासाठी कुणी शाळा सोडू शकतं, हा अर्थ मात्र कुणालाही लावता आला नाही.

तिला खरं शिकवत होते ते यासीन मुजावर. लोणंदला राहणारे, गणिताचे निवृत्त प्राध्यापक. महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी बापलेक मिरजेहून गाडी धरून लोणंदला जात. बाकीच्या दिवसांत वहीच्या पानांचे फोटो फोनवरून जात-येत. यासीन सरांचा आराखडा पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीनं लिहिलेला होता. चार ओळींचा. तीन महिने संख्यांचा सिद्धांत. तीन महिने भूमिती. मग मोजणीच्या पद्धती. दर सोमवारी एक गणित, नुसतं उत्तर नको, त्यामागचं कारण लिहायचं. शिक्का नव्हता.

ते कौतुक करत नसत. पहिल्याच भेटीत त्यांनी तिची वही चाळली आणि विचारलं, "उत्तर आलं म्हणजे गणित संपलं, असं तुला कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई."

"मग थांबलीस का?"

नाथाजींना हा माणूस पहिल्यांदा तुसडा वाटला होता. परतीच्या गाडीत राजेश्वरी खिडकीत बसून जेजुरीकडून आलेल्या एका म्हातारीच्या पिशवीवर वही टेकवून तेच गणित पुन्हा लिहीत होती, तेव्हा त्यांनी मत बदललं.

जूनमध्ये यासीन सरांनी नाथाजींना बाहेर अंगणात बोलावून सांगितलं. "सुभेदार, माझ्याकडचं आता फार उरलेलं नाही. हिला माझी गरज नाही. हिच्या वयाची, हिच्याहून हुशार चार पोरं हवीत हिला, जी हिचं चुकलेलं दाखवतील. तशी पोरं ऑलिम्पियाडच्या शिबिरात बसतात. दुसरीकडं मला तरी माहीत नाहीत."

"मग तितं बसवू की."

"तीन परीक्षा आहेत त्याच्या अलीकडं. पहिली सप्टेंबरात. वर्षातून एकदा. पहिली चुकली की वर्ष गेलं."

ही गोष्ट राजेश्वरीनं दाराच्या आडून ऐकली होती. चुकलेलं दाखवणारी चार पोरं. तिनं घरी आल्यावर आराखड्याच्या कोऱ्या बाजूवर चार छोटी वर्तुळं काढली आणि ती कधी पुसली नाहीत. भोवतीचं गणित रोज बदलायचं, वर्तुळं तशीच.

पहिली चूक फॉर्म भरताना झाली आणि ती नाथाजींची होती. फॉर्मवर शाळेचं नाव मागितलं होतं. शाळा नव्हती. मुक्त विद्यालयाचा नोंदणी क्रमांक घातला तर चालेल असं यासीन सरांनी सांगितलं होतं, पण नाथाजींना साध्या क्रमांकावर भरवसा वाटेना. ते विश्वजीत सरांकडे गेले. विश्वजीत सरांची मुख्य अकॅडमी सांगलीत आणि शाखा कवठे महांकाळला, मार्केट यार्डाजवळच्या दुमजली इमारतीत वरच्या मजल्यावर. खाली औषधफवारणीच्या पंपांचं दुकान.

"काय काळजी करू नका, सुभेदारसाहेब. आपल्या लेटरहेडवर पाठवतो. आपली मुलगी हाय ती," विश्वजीत सर म्हणाले. त्यांनी फॉर्म भरला. मोबाइल नंबर स्वतःचा घातला, ई-मेल अकॅडमीचा. यासीन सरांना हे फोनवर कळलं.

"हॉल तिकीट कुणाकडं येणार मग?" त्यांनी विचारलं.

"त्यांच्याकडंच. देतील की. जबाबदार मानूस हाय."

परीक्षेच्या आधीच्या गुरुवारी राजेश्वरी आईबरोबर बाजारात गेली आणि एसटी स्टँडच्या कुंपणावर तिला स्वतःचं नाव दिसलं.

फ्लेक्स बारा फूट बाय दहा होता. वर 'गणित ऑलिम्पियाडसाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. तिची निवड झाली नव्हती; फक्त फॉर्म भरला होता. मधोमध भाऊसाहेब, डोळ्यांवर गॉगल, हात जोडलेले. भाऊसाहेब जिल्हा परिषदेचे माजी सदस्य आणि निवडणूक जवळ आल्यानं पुन्हा भावी सदस्य. त्यांच्या उजवीकडे विश्वजीत सर, भोवती अकरा शुभेच्छुक. राजेश्वरीचा वेगळा फोटो नव्हता. ती जी काही होती ती खाली डावीकडे, मोठ्या करून छापलेल्या हॉल तिकिटाच्या आत होती. तीन फूट बाय दोन फुटांच्या त्या हॉल तिकिटात कोपऱ्यातला तिचा फोटो बाकीच्यांच्या मिशीएवढा आला होता. शेजारी पिवळ्या अक्षरांत: 'हॉल तिकीट प्रदान सोहळा. मा. भाऊसाहेबांच्या शुभहस्ते. रविवारी सकाळी साडेदहा वाजता, मार्केट यार्ड.'

आणि हॉल तिकिटावर, कुणालाही वाचता येईल एवढ्या अक्षरांत, त्याच रविवारची तारीख. सकाळी दहा ते एक. केंद्र सांगली.

दोन्ही वेळांमध्ये दीड फुटाचं अंतर होतं. विश्वजीत सरांनी फ्लेक्सचं प्रूफ तीनदा तपासलं होतं. तिन्ही वेळा शुभेच्छुकांचा क्रम बघण्यासाठी.

"आई, ह्यांनी परीक्षेच्या टायमालाच परीक्षेचं तिकीट द्यायचं ठरवलंय," राजेश्वरी म्हणाली.

रेश्मानं फ्लेक्स वाचला. भाजीची पिशवी खाली ठेवली आणि पुन्हा वाचला. "मुडद्यांनो," ती म्हणाली. स्टँडवर उभ्या असलेल्या तीन-चार जणांनी वळून बघितलं.

संध्याकाळी नाथाजी अकॅडमीत गेले. राजेश्वरी बरोबर होती. विश्वजीत सर फेट्यांचे रंग ठरवत होते. टेबलावर फ्रेम तयार होती: सोनेरी काठ, आत हॉल तिकीट, खाली 'सप्रेम भेट'.

"सर, परीक्षा रविवारी धालाच हाय," नाथाजी म्हणाले.

"व्हय व्हय, म्हणूनच रविवार धरला. परीक्षेच्या दिवशीच सत्कार म्हंजी योग बघा कसा."

"आवं पण पोरीला सांगलीत बसायचंय धाला. हितं साडेधाला फेटा कसा बांधनार?"

विश्वजीत सरांनी फ्रेम उचलून वाचली. ती त्यांनी पहिल्यांदाच वाचली असावी. मग त्यांनी ती हळूच पालथी ठेवली.

"अडचण न्हाई," ते म्हणाले. "आपन येळ वाढवून घिऊ. केंद्रावर वळख हाय आपली. भाऊसायबांचा एक फोन गेला की तास-दोन तास कोन बघतंय? कार्यक्रम झाला की आपल्या गाडीनं सोडतो सांगलीला. एसी गाडी."

"तीन तासांची परीक्षा हाय, सर," राजेश्वरी म्हणाली. "दोन तास गेल्यावर एकच राहतोय."

"बेटा, हुशार मुलांना एक तास लय झाला. मी तुला ट्रिक्स देतो की."

"मला फकस्त हॉल तिकीट द्या."

"ते आता कसं देणार? भाऊसायबांच्या हस्ते द्यायचंय ना. आधीच दिलं तर स्टेजवर द्यायचं काय? फ्लेक्सवर छापलंय बघ, 'प्रदान सोहळा'." विश्वजीत सर नाथाजींकडे वळले. त्यांचा आवाज खाली आला. "सुभेदारसाहेब, तुमी लष्करातली मानसं. वरिष्ठांनी टाइम दिला की काय करतो आपन? भाऊसायबांनी अर्धा दिवस दिलाय तुमच्या पोरीसाठी. उद्या हॉस्टेल म्हना, शिष्यवृत्ती म्हना, शब्द कुणाचा लागनार?"

जिना उतरताना नाथाजी म्हणाले, "फोनवर येळ वाढत आसंल तर..."

राजेश्वरी खालच्या पायरीवर थांबली. तिनं वडिलांकडे बघितलं नाही, दुकानातल्या पंपांच्या रांगेकडे बघत ती म्हणाली, "आबा, तुमाला पन साडेपंचवीस तास पटल्यात."

घरी पोचल्यावर नाथाजींनी लोणंदला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"सर, भाऊसायबांच्या फोनवर परीक्षेची येळ वाढती का?"

पलीकडून यासीन सर खोकले. मग त्यांनी विचारलं, "सुभेदार, ही परीक्षा एकाच वेळी देशभर चालते. तुमचे भाऊसाहेब कुठवर निवडून येतात?"

"कवठ्यात. ते बी एकदाच आल्यात."

"मग?"

"कळलं," नाथाजी म्हणाले.

"हॉल तिकिटाची दुसरी प्रत संकेतस्थळावरून निघेल का बघा. मोबाइलवर आकडा येतो, तो घातला की निघते."

"मोबाइल त्यांचाच हाय."

"मग आधार कार्ड घ्या, हजेरीच्या यादीत तिचा फोटो असेल, विनंती करू. पण नियम म्हणतो हॉल तिकीट हवं. मी येतो सांगलीला. पहाटेच्या गाडीनं." मग म्हणाले, "कुठं दुसरीकडं छापलेलं नाहीच का ते?"

स्वयंपाकघरातून रेश्मा मोठ्यानं हसली.

रविवारी सकाळी सहा वाजता नाथाजी एसटी स्टँडवर होते. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, हातात नवं ब्लेड आणि मोजपट्टी. राजेश्वरी मोटारसायकलजवळ, डबा आणि दप्तर घेऊन. स्टँडसमोर दगडाबाईंचा चहाचा गाडा होता. साठीच्या दगडाबाईंनी स्टोव्ह पेटवता पेटवता बघितलं की सुभेदार कुंपणाच्या कठड्यावर चढलेत.

"आवं सुभेदार! सायबाला कापताय का काय?"

"सायबाला न्हाई. पोरीचा कागद कापतोय."

"मग कापा. पर सायबाच्या नाकाला लावू नका. त्येच्यावरच निवडनूक हाय समदी."

"नाकापासनं फूटभर लांब हाय मी."

"आनि त्यो विश्वजीत मास्तर?"

"त्याला बी न्हाई लावत."

"त्येला लावा की जरासं," दगडाबाई म्हणाल्या आणि उकळत्या चहात आलं टाकलं.

नाथाजींनी हॉल तिकिटाच्या चौकटीवर मोजपट्टी धरून चारी बाजू सरळ कापल्या. कुठंही काठ वाकडा नव्हता. अकरा शुभेच्छुकांपैकी एकाचीही मान उडाली नाही. तुकडा गुंडाळून त्यांनी दोरी बांधली. फ्लेक्समध्ये तीन बाय दोनचं भोक राहिलं आणि त्यातून मागची मुतारी दिसू लागली.

"चला, टाइम पे," नाथाजी फौजी हिंदीत म्हणाले. दगडाबाईंनी पोरीच्या हातात चहाचा कप दिला, तो तिनं उभ्यानंच संपवला.

सांगलीतल्या केंद्राच्या फाटकाशी यासीन सर आधीच येऊन उभे होते, टोपी आणि छत्री घेऊन. गुंडाळी बघून त्यांनी विचारलं, "हे काय, पथारी आणली?"

"हॉल तिकीट," राजेश्वरी म्हणाली.

सरांनी दोरी सोडून दोन हातांनी तुकडा उघडला. छत्री काखेत दाबून संपूर्ण वाचला, क्रमांक, तारीख, वेळ. ते हसले नाहीत. त्यांनी नीट गुंडाळून परत दिला आणि म्हणाले, "मजकूर बरोबर आहे."

दारावर पर्यवेक्षक बाई तिशीच्या होत्या. त्यांच्या टेबलावर हा तुकडा मावेना. मागच्या रांगेतल्या पोरांनी माना उंचावल्या. कुणीतरी म्हणालं, "अरे, बॅनर घेऊन आलीय."

"हे काय आहे?" बाईंनी विचारलं.

"हॉल तिकीट. छोटं माझ्याकडं दिलं न्हाई."

"का?"

"ते साहेबांच्या हस्ते द्यायचंय. आत्ता साडेदहाला."

बाईंनी घड्याळ बघितलं. मग पोरीकडं. मग त्या तुकड्याच्या काठावर छापलेल्या एका अर्ध्या अक्षराकडं, जे 'शुभेच्छुक'मधलं उरलं होतं. त्या सांगली जिल्ह्यातच वाढल्या असाव्यात, कारण त्यांनी आणखी काही विचारलं नाही. आधार कार्ड घेतलं, यादीतला फोटो लावून बघितला, क्रमांक ताडला.

"सूचनांमध्ये हॉल तिकीट सोबत आणायला सांगितलंय," त्या हळू म्हणाल्या, जणू स्वतःलाच.

"आकार सांगितलेला न्हाई, मॅडम. मी वाचलंय."

"बरोबर," बाई म्हणाल्या आणि यादीवर खूण केली. "हे मात्र बाहेर वडिलांकडं दे. बाकावर अंथरायचं नाही."

दहाला सात मिनिटं कमी असताना राजेश्वरी आत गेली. नाथाजी फाटकाबाहेर उभे राहिले. दार बंद होईपर्यंत ते सावधान स्थितीत होते. बंद झाल्यावर त्यांनी फ्लेक्सचा तुकडा कट्ट्यावर अंथरला आणि ते व यासीन सर त्यावर बसले.

पावणेअकराला विश्वजीत सरांचा पहिला फोन आला.

"सुभेदारसाहेब, कुठं हाय? फेटेवाला थांबलाय."

"सांगलीत."

"आवं, भाऊसायेब निघाल्यात!"

"कवा पोचतील?"

"...बाराला. साडेबाराला म्हना. तुमी या की तंवर."

"पोरगी आत बसलीय," नाथाजी म्हणाले. "एकला सुटनार." आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा समोरच्याचं बोलणं संपायच्या आत फोन ठेवला.

मार्केट यार्डातला कार्यक्रम झाला. तो होणारच होता. मंडप, खुर्च्या, माईक आणि अकरा शुभेच्छुक यांपैकी काहीही परीक्षेवर अवलंबून नव्हतं. भाऊसाहेब एक वाजायला दहा मिनिटं कमी असताना आले. येताना स्टँडजवळ त्यांची गाडी थांबली, त्यांनी काच खाली करून फ्लेक्समधलं भोक बघितलं आणि ते ताबडतोब समजले. त्यांच्या भाषणातली पहिली वीस मिनिटं त्या भोकावर होती. विरोधकांना एका गरीब सैनिकाच्या मुलीची प्रगती बघवत नाही, म्हणून त्यांनी रातोरात फ्लेक्स फाडला. पण फ्लेक्स फाडून गणित फाटत नसतं. टाळ्या पडल्या. भोक कुणी पाडलं हे मंडपात निदान दोघांना माहीत होतं. दगडाबाई चहा वाटत होत्या, त्या बोलल्या नाहीत. विश्वजीत सरांनी सकाळी ब्लेडचा सरळ काठ बघितला होता, तेही बोलले नाहीत. उलट विरोधकांच्या वाक्यावर त्यांनीच आधी टाळी दिली.

सत्कारमूर्ती नव्हती, एवढीच अडचण. ती विश्वजीत सरांनी अर्ध्या मिनिटात सोडवली. अकॅडमीची नववीतली एक मुलगी, प्रियदर्शनी, स्वागतगीतासाठी आली होती. तिला पुढं ओढलं, फेटा बांधला, शाल घातली. भाऊसाहेबांनी तिच्या हातात फ्रेम दिली. तिनं दोनदा सांगायचा प्रयत्न केला, "सर, मी ती न्हाई." दोन्ही वेळा तिला कॅमेऱ्याकडं बघायला सांगण्यात आलं. भाऊसाहेबांनी डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला की मोठी कलेक्टर हो, आणि जाता जाता विचारलं, "सतरा नव्वे किती?" प्रियदर्शनीनं एकशे त्रेपन्न सांगितलं. भाऊसाहेब माईकवर म्हणाले, "बघा. अशी निवड उगाच होत न्हाई."

मंगळवारी एका स्थानिक दैनिकात फोटो आला. फेटा प्रियदर्शनीचा, चेहरा प्रियदर्शनीचा, खाली नाव राजेश्वरी नाथाजी कोळेकर. अकरा शुभेच्छुकांची नावं मात्र एकूण एक बरोबर होती. कवठे महांकाळमध्ये राजेश्वरीला ओळखणारी शंभरेक माणसं असतील. दुरुस्तीसाठी कुणाचाही फोन गेला नाही. धोंडुबाई कात्रण घेऊन घरी आल्या आणि रेश्माला म्हणाल्या, "फोटूत उजळ आलीया गं पोरगी."

निकाल पुढच्या महिन्यात लागला. अर्थातच विश्वजीत सरांच्या मोबाइलवर. राजेश्वरी पहिल्या परीक्षेतून पार झाली होती. गुण भारी नव्हते. मोजणीच्या दोन गणितांत ती घसरली होती आणि यासीन सरांनी त्या दोन्हींसाठी तिला फोनवर चाळीस मिनिटं झापलं. पण दुसऱ्या परीक्षेत फक्त उत्तर चालणार नव्हतं, त्यामागचं कारणही लिहायचं होतं. तिथं ती बरी होती.

विश्वजीत सर पेढे घेऊन त्याच संध्याकाळी आले. शर्टावर अकॅडमीचा बिल्ला होता. दारातूनच म्हणाले, "शेवटी आपलं मार्गदर्शन कामी आलं!" पुढच्या खोलीत त्यांची नजर भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्याकडे गेली. त्यावर वर्तुळात चौकोन काढला होता, त्याखाली सात ओळी, आणि एका कोपऱ्यात चार छोटी वर्तुळं. काठावरचं लॅमिनेशन त्यांना ओळखीचं वाटलं असावं. ते जवळ गेले, कोपरा उचलून मागं डोकावले, आणि त्यांना स्वतःचं रॉकेट दिसलं.

"बसा," नाथाजी म्हणाले.

ते बसले. रेश्मानं पाणी आणलं नाही. नाथाजींनी जुना लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला.

"पुढच्या परीक्षेच्या फॉर्मवरचा मोबाइल नंबर बदला. ई-मेल बी."

"आवं, बदलू की सावकाश. राहू दे आपल्याकडं, सोयीचं पडतंय..."

"आत्ता."

विश्वजीत सरांनी त्या एका शब्दाचा सूर ऐकला आणि खिशातून मोबाइल काढला. आकडा आला. त्यांनी तो वाचून दाखवला, राजेश्वरीनं टाइप केला. मग तिच्या वडिलांचा नंबर घातला, नाथाजींचा फोन खिशात वाजला, त्यांनी चष्मा लावून सहा आकडे एकेक करून सांगितले, आणि तिनं ते परत वाचून दाखवले. तोफखान्यात आकडे असेच परत वाचून दाखवत. पडद्यावर बदल झाल्याचं आलं तेव्हा नाथाजी आत बघून म्हणाले, "पाणी आना सरांना."

पाणी पिऊन झाल्यावर विश्वजीत सरांच्या अंगात पुन्हा बळ आलं. त्यांनी खिशातून छोटी डायरी काढली.

"बरं, सुभेदारसाहेब, आता खरी निवड झालीया. भाऊसायेब म्हनत हुते मोठा कार्यक्रम लावा. राजेश्वरीला कुठला रविवार सोयीचा पडंल?"

"तिच्याबिगर हुतोय की तुमचा सत्कार," नाथाजी म्हणाले. "धरा कुठलाबी."

राजेश्वरी तोवर फळ्याकडे वळली होती. ओल्या फडक्यानं तिनं सातवी ओळ पुसली. ती ओळ चुकली होती, आणि ती चूक अजूनही तिची तिलाच शोधावी लागली होती.